ज्यानं नारळ खाल्ला

लग्नानंतरची पाच वर्षं आमच्या घरात नारळ विकत आणावा लागला नाही. हळदीकुंकवाला गेले की ओटी, लग्नाला गेले की ओटी, माहेरी खालापूरकडे जाऊन आले की ओटी. इतर सुनांच्या ओटीत बायका सुपारीवर भागवतात. माझ्या ओटीत मात्र नारळच, तोही कानाशी हलवून, पाणी वाजतंय ना हे बघून. नारळ पदरात टाकला की एकदा माझ्या पोटाकडे बघायचं, हा त्या विधीचा शेवटचा भाग. मग "हुईल गं, हुईल" म्हणायचं. मी मान हलवायची आणि पदर सावरत घरची वाट धरायची.

हे सगळे नारळ पोशीरच्या आमच्या घरात फ्रिजशेजारच्या टोपलीत साठायचे. नवरा म्हणायचा, "मूल हुईल तवा हुईल, तवर कालवनाला तोटा नाय." हा त्याचा आवडता विनोद होता आणि त्यानं तो पाच वर्षं पुरवून पुरवून वापरला.

मी शाळेची व्हॅन चालवते. पोशीर आणि आसपासच्या वाड्यांवरची पोरं गोळा करून नेरळच्या शाळेत सोडायची, शाळा सुटली की परत आणायची. गाडी नवऱ्यानं जुनी घेतली होती ती ड्रायव्हर ठेवून चालवायला. तो ड्रायव्हर सारखा आजारी असायचा, आणि त्याचा आजार सगळ्या आळीला वासावरून कळायचा. एकदा सहामाही परीक्षेच्या सकाळी तो आलाच नाही. पोरं कंपासपेट्या घेऊन रस्त्यावर उभी. माहेरी भावाच्या टेंपोवर मी गाडी शिकले होते, पण हे सासरी सांगायची वेळ कधी आली नव्हती. मी चावी उचलली. सासूबाई अंगणातून हाक मारेपर्यंत मी पहिलं वळण ओलांडलं होतं. परत आले तेव्हा त्या रागावलेल्या होत्या, पण पोरांच्या आया दारात येऊन "बरं झालं बाई, आता काळजी मिटली" असं म्हणून गेल्यामुळे त्यांना नीट रागावता आलं नाही. त्या दिवसापासून गाडी माझ्याकडे आली.

खरं सांगते, सासरी मला जे काही मिळालं त्यात सगळ्यात जास्त जीव माझा त्या गाडीवर होता. नवऱ्याला हे माहीत आहे आणि त्याला ते फारसं लागत नाही. दिवसभर मी दुसऱ्यांची पोरं वागवायची. नाकं पुसायची, खिडकीवरून भांडणं सोडवायची, एका पायात चप्पल घालून आलेल्याची दुसरी शोधायची आणि वळणावर कुणी ओकलं की त्यावर माती टाकायची. एवढं करून परत आले की बायका म्हणत, "सगळा दिस पोरांत असते, पन पोर नाय बिचारीला." ज्यांची पोरं मी घरपोच करत होते, त्याही असंच म्हणत. बिचारी म्हणता म्हणता पोराचं दप्तर माझ्याच हातातून घेत.

सासूबाई लवकर विधवा झाल्या. दोन पोरं आणि भाताची शेती, दोन्ही त्यांनी एकटीनं सांभाळलं. त्यामुळे घरात शेवटचा शब्द त्यांचा. गाडी नवऱ्याच्या नावावर आणि नवरा आईच्या शब्दावर, अशी आमची व्यवस्था. आम्हाला मूल का होत नाही यावर त्यांनी खूप डोकं चालवलं होतं आणि शेवटी त्यांचा शोध गाडीपाशी येऊन थांबला. आमच्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. एकदा मेकॅनिकनं अंगणात सीट उचलली, तेव्हा त्यांना ते दिसलं. त्या दिवशी जेवताना त्या म्हणाल्या, "तुझ्या बुडाखाली भट्टी हाय गं. रोज तिच्यावर बसतीस. त्यात काय टिकनार?"

"ऊब लागली तर उलट लवकर व्हायला पायजे, आई," मी म्हणाले. "कोंबडी काय करती मंग?"

नवरा हसला. सासूबाई हसल्या नाहीत. "आन खड्डे? कोंबडी खड्ड्यातनं जाती का?"

नेरळच्या रस्त्याकडे बघता हा मुद्दा खोडण्यासारखा नव्हता. पण या बाईनं स्वतः नवव्या महिन्यापर्यंत गुडघाभर चिखलात वाकून भाताची लावणी केलेली. माझा नवरा बांधावरच जन्मायचा, थोडक्यात घरापर्यंत पोचला, ही गोष्ट त्या स्वतःच कौतुकानं सांगतात. ती मी त्या दिवशी काढली तर म्हणाल्या, "ते काम येगळं. ते घरचं हाय." घरचं काम कितीही कंबर मोडणारं असो, ते पोटाला मानवतं, आणि बाहेरचं काम नुसतं बसून केलं तरी बाधतं, असं एकूण त्यांचं शास्त्र होतं.

मग निकाल लागला. मे महिन्याच्या सुट्टीपर्यंत वाट बघायची. तोवर काही झालं नाही तर गाडी विकायची आणि मी घरी बसायचं. घरी बसायचं म्हणजे गोठा, शेत, भाकऱ्या आणि आल्यागेल्याचा चहा. त्याला आमच्याकडे बसणं म्हणतात.

यात एक गोष्ट कुणी बोलत नव्हतं. कर्जतच्या डॉक्टरीणबाईंनी मला कधीच सांगून टाकलं होतं, "तुमचं सगळं व्यवस्थित आहे. आता मिस्टरांना घेऊन या." मिस्टरांना आणणं म्हणजे हत्तीला अंगणात आणण्यासारखं होतं. आधी लावणी होती. मग कापणी आली. मग खोपोलीच्या कंपनीत त्याची शिफ्ट बदलली. मग म्हणाला, "मला काय झालंय? भाताचं पोतं एकटा उचलतो." पोतं उचलणं वेगळं आणि हे वेगळं, हे डॉक्टरीणबाईंनी त्याला चित्र काढून समजावलं असतं, पण त्यासाठी तो त्यांच्यासमोर बसायला तर हवा.

त्या काळात मी मात्र कुणी सांगेल ते करत होते. कसल्यातरी पाल्याचा रस प्यायला, मंगळवार धरले, पाय भिंतीला लावून पडून राहिले. त्या पाल्याच्या रसानं तर मला असे जुलाब झाले की दोन दिवस गाडी बंद ठेवावी लागली. सासूबाई म्हणाल्या, "बग, घरी बसलीस की कसं बरं वाटतं."

दिवाळीनंतर शेजारच्या काकींच्या सुनेचं डोहाळजेवण झालं. या काकी म्हणजे आमच्या आळीचं हायकोर्ट. कुणाला काय चालतं, कुणाला काय लागतं, कुठला दोष कशानं जातो, सगळं त्यांना तोंडपाठ. आमच्याकडे अशी रीत आहे की गर्भारणीच्या ओटीतला एक नारळ मूल नसलेल्या बाईला द्यायचा आणि तो तिनं एकटीनं खायचा. काकींनी तो माझ्या ओटीत घातला. आमच्या टोपलीची त्यांना कल्पना होती, म्हणून इतर नारळांत मिसळू नये यासाठी त्याच्या शेंडीला हिरवा दोरा बांधला होता.

"उद्याच्याला आंघोळ करून, उगवतीकडं तोंड करून खायाचा," त्या म्हणाल्या. "कनभर बी कुनाला द्यायाचा नाय. ज्याच्या पोटात जाईल त्याला गुन."

अख्खा नारळ कच्चा खाल्ल्यावर दिवस जातील की नाही ते मला सांगता येत नव्हतं, पण पोट नक्की जाईल याची खात्री होती. दुसऱ्या दिवशी शाळा होती. सकाळी भरल्या गाडीत तो धोका कोण पत्करणार? "आल्यावर खाते," असं सासूबाईंना सांगून मी निघाले. नारळ त्यांनी मानानं टोपलीत सगळ्यात वर ठेवला.

नेमकी त्याच दिवशी परत येताना क्लचची वायर तुटली. पोरांना दुसऱ्या गाडीत बसवून दिलं आणि मेकॅनिकची वाट बघत मी रस्त्याच्या कडेला बसले. घरी पोचले तेव्हा भुकेनं डोळ्यांसमोर अंधारी आली होती. दारातूनच कोलंबीच्या कालवणाचा वास आला. नवऱ्याला त्या दिवशी सुट्टी होती. तो स्वयंपाकघरात मांडी घालून बसला होता आणि भाकरीच्या तुकड्यानं टोप पुसत होता.

"मला?" मी विचारलं.

"तुजी वाट बगून बगून दमलो," तो म्हणाला.

मी कांदा फोडला आणि चटणी-भाकरी घेऊन बसले. तेवढ्यात मागच्या दारानं काकी आल्या, रिकामी वाटी परत करायला. सासूबाईंनी त्यांच्याकडेही कालवण पाठवलं होतं. कालवणाची तारीफ करून झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "खाल्लास का गं?"

"नाय अजून. आता एवढं झालं की खाते," असं म्हणून मी टोपलीकडे पाहिलं. नारळ होते. हिरवा दोरा नव्हता.

सासूबाईंनीही पाहिलं. त्यांचा चेहरा उतरत गेला. त्या उठल्या आणि मागच्या चुलीकडे गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात नारळाची शेंडी होती, तिला हिरवा दोरा, एका बाजूनं किंचित जळलेला.

त्यांचा काही दोष नव्हता. पाच वर्षांची सवय होती. कालवण करायचं म्हटलं की हात टोपलीत जायचा आणि वरचा नारळ फोडला जायचा. त्यात चष्मा देवघरात राहिलेला. आणि ज्या बाईच्या पोटी मूल यावं म्हणून तो नारळ आला होता, तिच्याशिवाय घरातल्या प्रत्येकानं तो चाटूनपुसून खाल्ला होता.

सगळ्यात आधी माझ्या नणंदेच्या लक्षात आलं. ती कॉलेजात जाणारी, लग्नाची पोर. शेलूचं एक स्थळ तिला बघायला येणार होतं. ती कोपऱ्यातून बारीक आवाजात म्हणाली, "काकी, मी दोन भाकऱ्या खाल्ल्या त्या कालवनासंगं."

नवऱ्याला मात्र हसू आवरेना. "मंग आता मलाच डोहाळे लागनार," तो म्हणाला.

"गप रं," सासूबाई म्हणाल्या. मग काकींकडे वळून हळूच विचारलं, "आन आपलं काय?"

काकींनी आपल्या हातातल्या रिकाम्या वाटीकडे पाहिलं आणि ताबडतोब निवाडा दिला. "आपल्या वयाला लागू होत नाय." स्वतःचा निकाल असा झटपट लावून त्या नणंदेच्या प्रकरणाकडे वळल्या. ते अवघड होतं. पोर बिनलग्नाची, आणि काकींचं शास्त्र असं की ज्याच्या पोटात नारळ त्याला गुण. त्या बराच वेळ विचार करत बसल्या. नणंद रडायला लागली. सासूबाई पदर तोंडाला लावून उभ्या. मी भाकरीचा घास तसाच हातात धरून बसले होते. खायची भूक होती, पण अशा वेळी चावणं बरं दिसलं नसतं.

"टोप कुनी पुसला?" काकींनी अखेर विचारलं.

सगळ्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या हातात शेवटचा तुकडा होता.

"ज्यानं जास्त खाल्लं त्यानं सगळा गुन वढून घेतला," काकी म्हणाल्या. "पोरीला काय होत नाय."

तोपर्यंत माझा त्या नारळावर काडीचा विश्वास नव्हता. पण त्या क्षणी साऱ्या आळीत माझ्याएवढी श्रद्धा कुणाचीच नसेल. "मंग गुन ह्यांच्याकडं गेला ना काकी?" मी म्हणाले. "तर आता डॉक्टरकडं बी ह्यांनीच जायला पायजे. माजं काय तपासनार आता? नारळ तर ह्यांनी खाल्लाय."

"ह्ये काय नवीन?" नवऱ्याचं हसू थांबलं.

"बरोबर बोलती," काकी म्हणाल्या. "ज्यानं नारळ खाल्ला त्यानं निस्तरावं. त्यानं अंगावर घेतलं नाय तर मंग पोरीचं मी सांगू शकत नाय."

सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं, मग मुलीकडे. जे डॉक्टरीणबाईंना इतके दिवस जमलं नव्हतं, ते त्यांनी एका वाक्यात केलं. "उद्याच्याला रजा टाक," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पोरांना शाळेत सोडून मी त्याला त्याच गाडीतून कर्जतला नेलं. कुणी बघेल म्हणून तो पुढे बसायला तयार नव्हता. मागच्या सीटवर, पोरांनी चिकटवलेल्या स्टिकरांखाली मान घालून बसला. दवाखान्यात बाकड्यांवर सगळ्या बायका. हा पाण्याच्या पिंपाशेजारी उभा राहून बाळाच्या लसींचा तक्ता वाचत होता. त्या दिवशी त्यानं तो तक्ता इतक्या वेळा वाचला की आजही कुणाच्या पोराला कुठली लस कधी द्यायची ते तो सांगू शकेल.

तपासणी झाली. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सरळ सांगितलं. अडचण माझ्यात नव्हती, त्याच्यात होती. औषधं आहेत, नेमानं घ्यायला हवीत, दर महिन्याला येऊन दाखवायला हवं. फरक पडेल असं वाटतं, पण शब्द देता येत नाही.

त्यानं विचारलं, "म्याडम, पोती उचलल्यानं तर नाय ना झालं?"

त्या नाही म्हणाल्या. मला तेव्हा त्याची फार दया आली. पण दयेच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही सांगायला हवं. पाच वर्षं माझ्या पोटाकडे बघणाऱ्या सगळ्या बायका एकदम डोळ्यांसमोर आल्या आणि वाटलं, बघा आता. मग नवरा असा खचून बसलेला असताना आपल्याला बरं वाटतंय याची लाज वाटली. गाडी सुरू केली तेव्हा ती लाजही गेली.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. "काय म्हनली डॉक्टरीन?"

"काय नाय," नवरा म्हणाला. "ठीक हाय सगळं." आणि टॉवेल घेऊन मोरीत गेला.

मी तिथंच उभी राहिले. मला बोलता आलं असतं. पण मी बोलले असते तर तो सुनेनं केलेला आरोप झाला असता आणि काकींचं हायकोर्ट पुन्हा बसलं असतं. शिवाय मला ते त्याच्याच तोंडून यायला हवं होतं. मी रोज वाट बघत राहिले. तो रोज काहीतरी दुसरंच बोलायचा. त्याची तपासणी ठीक म्हटल्यावर सासूबाईंच्या हिशेबानं आता इंजिनाशिवाय कुणी दोषी उरलंच नव्हतं.

नणंदेचं लग्न शेलूला ठरलं. मे महिना आला. शाळा बंद झाली आणि सासूबाईंनी शब्दाप्रमाणे गिऱ्हाईक बोलावलं, तेही शेलूचंच.

तो माणूस अंगणात गाडीभोवती फिरला, टायरांना लाथा मारून पाहिल्या. मी मदतीला उभी राहिले. पहिला गिअर अडकतो, पावसात मागून पाणी गळतं, क्लचची वायर कधी तुटेल सांगता येत नाही, असं सगळं त्याला मनापासून दाखवत होते. त्यानं आत डोकं घातलं आणि नाक मुरडलं. "वास कसला येतोय?"

"उलट्यांचा," मी म्हणाले. "धुऊन जात नाय तो."

तरी तो हटेना. गाडीत दम आहे हे त्याला कळत होतं. मग त्यानं सासूबाईंना विचारलं, "मावशी, चालू धंद्यातली गाडी काढताय कशाला?"

"सुनेला पोरबाळ नाय," सासूबाई म्हणाल्या. परक्या माणसाला, भर अंगणात, भाजीचा भाव सांगावा तसं. "ह्या गाडीच्या उबेनं होत नाय."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी काही बोलणार, तेवढ्यात पडवीतून नवरा खाली उतरला. गिऱ्हाइकाच्या आणि गाडीच्या मध्ये येऊन उभा राहिला.

"गाडी विकायची नाय, आई," तो म्हणाला. "गाडीचा दोष नाय. हिचा बी नाय. माजा हाय. डॉक्टरनं तवाच सांगितलंय."

गिऱ्हाइकाला कुठे बघावं ते कळेना. त्यानं सज्जनपणानं गाडीचं उघडं दार लावायला घेतलं. ते सरकतं दार नेहमी अडकतं. त्यानं ओढलं, परत ओढलं, आणि तेवढा वेळ आम्ही सगळे त्याच्याकडे बघत उभे राहिलो. शेवटी ते तसंच सोडून, "येतो," म्हणून तो गेला.

सासूबाई पायरीवर बसल्या. तिथूनच म्हणाल्या, "त्या मानसाला च्या बी नाय दिला आपन."

मग मुलाला म्हणाल्या, "कवापासनं ठाव हाय?"

"नारळ खाल्ला तवापासनं."

"आन तुला?" त्यांनी मला विचारलं.

"मला बी."

"आन गप ऱ्हायलीस."

"पोरगा तुमचा हाय," मी म्हणाले. "त्यानं सांगाया पायजे होतं."

एवढं होऊनही त्यांचं डोकं थांबलं नव्हतं. तो माणूस शेलूला जाऊन बोलणार आणि तिथं तर मुलगी द्यायची आहे, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. त्याची बातमी शेलूला पोचायच्या आत त्यांची बातमी पोशीरभर झाली होती. बातमी अशी: सुनेलाच सध्या मूल नको आहे. तिचा धंदा जोरात आहे. माझा पोरगा गरीब, बायकोला कुणी बोलू नये म्हणून वाटेल ते स्वतःवर घेतो.

आठवडाभरात नवरा देवमाणूस झाला आणि मी गाडीपायी मूल नाकारणारी बाई. ओट्या बंद झाल्या. "बिचारी" जाऊन "शेफारली" आलं. मला इतका राग आला की मी सासूबाईंशी प्रथमच चढ्या आवाजात भांडले. "माज्या नावावर का, आई?"

"त्याच्या नावावर सांगू? मंग पोरीचं काय?" त्या म्हणाल्या. मग जरा नरमाईनं, "तुला गाडी पायजे व्हती ना? ऱ्हायली की."

आणि ते खरंच होतं. आता गाडी विकणं शक्यच नव्हतं. गाडी विकली तर लोकांना कारण काय सांगणार? जून उजाडला, शाळा सुरू झाली. एकदा मी तापानं फणफणले होते, तर सासूबाई उशाशी येऊन म्हणाल्या, "एक खेप तरी मार गं. लोक बगत्यात." मला गाडीवरून उतरवू बघणारी बाई आता रोज सकाळी स्वतः गाडीची काच पुसून ठेवायची.

त्याच दिवसांत त्या एकदा नेरळच्या बाजारासाठी माझ्यासोबत निघाल्या. मागं पोरं, पुढं माझ्या शेजारी त्या. त्या सीटवर पहिल्यांदाच बसल्या होत्या. वाटेत एका थांब्यावर पोराला चढवता चढवता एक बाई खिडकीत वाकून म्हणाली, "काय मावशी, नातू कवा?"

"तिला नको हाय इतक्यात," सासूबाई ठसक्यात म्हणाल्या. "तिच्याबिगर तुमची पोरं शाळंत जातील का?"

गाडी पुढे निघाली. थोड्या वेळानं त्या सीटवर चुळबुळ करायला लागल्या. "लय गरम लागतं गं हितं."

"खाली इंजिन हाय."

"रोज असंच?"

"रोज."

त्या बाहेर बघत राहिल्या. मागं पोरांचा पाढ्यांवरून गोंधळ चालला होता. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तुला खरंच हवं हाय का गं, पोर?"

मी ब्रेकवर पाय ठेवला, समोर काही नसताना. पाच वर्षांत मला सगळ्यांनी विचारलं होतं, कधी. डॉक्टरीणबाईंनी, काकींनी, माझ्या आईनं, लग्नमांडवात भेटलेल्या अनोळखी बायकांनी. हवं आहे का, हे कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, मी स्वतःलाही नाही. मला उत्तर द्यायला वेळ लागला आणि त्या थांबल्या.

"हवंय, आई," मी म्हणाले. "लय हवंय. पन गाडी सोडून नाय."

त्यांनी मान हलवली. "तो जातो का औशदाला?"

"एकदा गेला. मंग नाय."

"वाटलंच," त्या म्हणाल्या. "तू तुजी पोरं सोड. त्याला मी नेते."

आणि त्यांनी नेलं. अजून नेतात. दर महिन्याच्या तारखेला त्याला रजा टाकायला लावतात, माझ्या गाडीत दप्तरांच्या मध्ये बसवतात आणि नेरळला उतरून कर्जतची वाट धरतात. एकदा पोरांना सोडून मी त्यांना आणायला दवाखान्यात गेले, तेव्हा त्यांना दारातूनच पाहिलं. बाकड्यावर सगळ्या बायका, आणि त्यांच्या मधोमध माझा नवरा, खाली मान घालून. सासूबाईंनी त्याचं मनगट घट्ट धरलं होतं. शेजारच्या बाईनं सहज विचारलं, "कुणाला दाखवायचंय मावशी? सुनेला का?"

ज्या बाईनं साऱ्या गावाला माझं नाव सांगितलं होतं, ती म्हणाली, "नाय. ह्याला."